आधी हिरवी पट्टी हलते का पाहा, मग ड्रायव्हरला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉप चार-पाच वर्षांचा, त्यावर विंडोज ११. एका रात्री अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून स्पीकरचा आवाज बंद. यंत्रभागांची यादी दाखवणारा विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर म्हणतो 'डिव्हाइस व्यवस्थित चालू आहे'. ड्रायव्हरची, म्हणजे विंडोज आणि आवाजाच्या यंत्रभागाची गाठ घालून देणाऱ्या प्रोग्रामची, तारीख मात्र २००६ ची दिसते. म्हणजे ड्रायव्हर फारच जुना झाला असं समजून तुम्ही एका फुकट 'ड्रायव्हर अपडेटर'कडून नवा घालून घेतला. आता आवाज तर आला नाहीच, वर मायक्रोफोनही गेला. पुढे काय करायचं?

घाबरू नका. तुमच्या वर्णनावरून यंत्र बिघडल्याचं एकही लक्षण दिसत नाही. पण यापुढे अंदाजाने काही घालू-काढू नका. दर वेळी एकच गोष्ट बदला, लॅपटॉप रिस्टार्ट करा, आवाज तपासा, आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा. हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या आवाजाच्या तक्रारींत मूळ बिघाड किरकोळ असतो. तो दुरुस्त करताना घातलेल्या तीन-चार गोष्टींचा गुंता सोडवण्यातच जास्त वेळ जातो.

आधी त्या २००६ बद्दल सांगतो, कारण तिथूनच तुमची वाट चुकली. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते. फाइल काल तयार झालेली असली तरी तारीख तीच. एखाद्या यंत्रभागासाठी दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील, तर विंडोज त्यांच्या तारखा पाहून नवा निवडतं. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर ताजी तारीख घातली, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने खास त्या मॉडेलसाठी केलेला ड्रायव्हर मागे पडेल. तसं होऊ नये म्हणून आपली तारीख विंडोज व्हिस्टाच्या काळातच गोठवून ठेवलेली आहे. म्हणजे ही तारीख पाहून ड्रायव्हर जुना आहे असं समजायचं नाही. तुमच्या लॅपटॉपवर त्या क्षणी कंपनीचा ड्रायव्हर नव्हता, विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर होता, एवढंच ती सांगत होती. ही खूण फार मोलाची आहे. बहुधा अपडेटच्या वेळी कंपनीचा ड्रायव्हर बाजूला पडला आणि त्याच्या जागी 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' या नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसला.

मग सर्वसाधारण ड्रायव्हरवर आवाज का आला नाही? डेस्कटॉपवर तो बहुतेक वेळा येतो. लॅपटॉपचं गणित वेगळं असतं, आणि ते कळण्यासाठी आवाजाचा रस्ता माहीत हवा. गाणं वाजवणारा प्रोग्राम आवाजाचे आकडे विंडोजच्या ऑडिओ इंजिनाला देतो. इंजिन सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करतं आणि त्यावर इफेक्ट चढवतं. तिथून ते ड्रायव्हरकडे जातात. ड्रायव्हर ते कंट्रोलरमार्फत कोडेक नावाच्या चिपला पोचवतो. कोडेक आकड्यांचं विद्युत लहरींत रूपांतर करतो, अॅम्प्लिफायर त्या लहरी मोठ्या करतो आणि शेवटी स्पीकरचा पडदा हलतो. इंटेलने २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मांडणी आणली. १९९७ पासूनच्या एसी ९७ ची जागा तिने घेतली, आणि घरगुती संगणकांत ती आजही पुष्कळ ठिकाणी दिसते. मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर याच मांडणीच्या भरवशावर कोणत्याही कोडेकशी बोलू शकतो. पण अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांत अॅम्प्लिफायरची वेगळी 'स्मार्ट' चिप असते. तिला जागं करण्याची सूचना फक्त कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असते. ती सूचना मिळाली नाही, तर कोडेकपर्यंत सगळं सुरळीत चालतं, डिव्हाइस मॅनेजरला काहीही खटकत नाही, आणि स्पीकर मात्र गप्प राहतो.

म्हणूनच पहिली तपासणी त्या हिरव्या पट्टीची. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जा. अगदी खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे, ते उघडा. जुन्या धाटणीची खिडकी येईल. तिच्या प्लेबॅक या पानावर आवाजाची सगळी साधनं दिसतात आणि प्रत्येकापुढे एक उभी पट्टी असते. आता एखादं गाणं लावा आणि पट्ट्यांकडे पाहा.

एकही पट्टी हलत नसेल, तर आवाज ऑडिओ इंजिनातून बाहेरच पडलेला नाही. दोष वरच्या बाजूला आहे. प्रोग्रामचाच आवाज बंद असेल, व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्याची पट्टी शून्यावर असेल, किंवा 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन सेवांपैकी एखादी अडकली असेल. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन या दोन्ही रिस्टार्ट करा. ड्रायव्हरला अजून हात लावायचा नाही.

पट्टी हलते आहे, पण भलत्याच साधनापुढे, असंही दिसेल. ही तक्रार सगळ्यांत जास्त येते आणि सगळ्यांत सोपीही आहे. एका गृहस्थांनी आवाजासाठी अख्खं विंडोज दोनदा नव्याने घातलं होतं. त्यांच्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते, पण तो एचडीएमआय तारेने जोडलेला होता. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर स्वतःसोबत एचडीएमआयच्या आवाजाचाही ड्रायव्हर आणतो. त्याचं अपडेट झालं की मॉनिटर स्वतःला आवाजाचं मुख्य साधन म्हणून पुढे करू शकतो. सगळा आवाज मॉनिटरकडे जात होता आणि तिथे ऐकवायला काही नव्हतं. स्पीकरच्या नावावर उजवं क्लिक करून 'सेट अॅज डिफॉल्ट डिव्हाइस' निवडलं आणि काम झालं. विंडोज नव्याने घातल्यावरही दोष परत येत होता, कारण ग्राफिक्स ड्रायव्हरही दर वेळी परत येत होता.

तिसरी शक्यता म्हणजे पट्टी स्पीकरच्याच नावापुढे हलते आणि तरी आवाज नाही. तुमचं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. इथे इंजिन आपलं काम चोख करतं आहे. दोष ड्रायव्हरच्या खालच्या टोकात, कोडेकमध्ये, अॅम्प्लिफायरमध्ये, जॅकमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे.

ड्रायव्हरकडे वळण्याआधी या टोकाची दोन कामं करून घ्या, दहा मिनिटंही लागत नाहीत. पहिलं, लॅपटॉप 'शट डाउन' करून परत सुरू करू नका, 'रिस्टार्ट'च करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना गाभ्याची आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. तेवढ्याने भागलं नाही तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन निवडा, म्हणजे संगणक पूर्ण बंद होईल. मग चार्जर आणि बाकी सगळ्या तारा काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा आणि पुन्हा सुरू करा. कोडेकची चिप कमी विजेच्या अवस्थेत अडकून पडते, एकाच यंत्रावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतील तर जास्तच. अशी चिप या उपायाने जागी होताना मी अनेकदा पाहिली आहे.

दुसरं काम म्हणजे हेडफोनचा जॅक. पिन आत गेली आहे हे ओळखणारी एक छोटी व्यवस्था जॅकमध्ये असते. तिथे धूळ अडकली किंवा पातळ पत्रा वाकला, तर हेडफोन जोडलेलाच आहे असं संगणक समजतो आणि स्पीकर बंद ठेवतो. पिन पाच-सहा वेळा हळूच आत-बाहेर करा आणि प्लेबॅकच्या यादीत काही बदलतं का ते पाहा. सुई, टाचणी असलं काही आत घालू नका.

आता ड्रायव्हर. इथे जरा थांबून सांगतो, कारण 'ऑडिओ ड्रायव्हर' हे एकवचनच फसवं आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती एक फाइल नसते, साखळी असते. तळाशी चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरचे भाग जोडणाऱ्या चिपांचा, ड्रायव्हर. त्यावर कंट्रोलरचा, जो बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी' या नावाने दिसतो. त्यावर कोडेकचा, बहुधा रिअलटेकचा. मग लॅपटॉप कंपनीने आपल्या स्पीकरसाठी जुळवलेल्या मापांची जोडफाइल. त्यानंतर इफेक्टचा भाग. आणि सगळ्यांत वर 'रिअलटेक ऑडिओ कन्सोल'सारखं अॅप, जे अलीकडच्या ड्रायव्हरांबरोबर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं येतं. ही सगळी माणसं एकमेकांना ओळखून काम करतात. तुमच्या अपडेटरने मधला एक बदलला आणि बाकीचे तसेच ठेवले. मायक्रोफोन का गेला त्याचं उत्तरही इथेच आहे. झाकणातले डिजिटल मायक्रोफोन पुष्कळ लॅपटॉपांत रिअलटेककडे जातच नाहीत, थेट स्मार्ट साउंडकडे जातात. ती कडी तुटली की मायक्रोफोन यादीतूनच नाहीसा होतो.

याच स्मार्ट साउंडचं एक जाहीर उदाहरण आहे. अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांवर या ड्रायव्हरच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या आवृत्त्या असतील, तर विंडोज ११ वर निळा पडदा येऊ शकत होता. म्हणून मायक्रोसॉफ्टने अशा यंत्रांना विंडोज ११ चं अपडेट देणंच थांबवलं होतं. शेवटचा आकडा ५७१४ किंवा त्याहून मोठा असलेल्या आवृत्तीत दोष दूर झाला. पण तेव्हा हेही स्पष्ट केलं गेलं की १०.३० ही १०.२९ पेक्षा नवी नाही. त्या दोन वेगवेगळ्या शाखा आहेत, पाहायचा तो शेवटचा भाग. आता विचार करा, फक्त आकडा मोठा म्हणून ड्रायव्हर बदलणारा आपोआप चालणारा प्रोग्राम इथे काय करेल?

त्यामुळे तुमचं पहिलं काम तो अपडेटर काढून टाकणं. कंट्रोल पॅनेलमधून काढा. सोबत त्याने दुसरं काही घुसवलं असेल तर तेही काढा, अपडेटर घातला त्या दिवसाच्या तारखेवरून ते ओळखता येतं. अपडेटरने किंवा तुम्ही त्या वेळी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजच्या तेव्हाच्या अवस्थेची जपून ठेवलेली नोंद, केला असेल तर सिस्टिम रिस्टोअर करून त्या आधीच्या अवस्थेत जाऊन पाहा, निम्मा गुंता तिथेच सुटेल. तो नसेल तर पुढे वाचा.

आता आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखू. डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' खालच्या नावावर दोनदा क्लिक करा. डिटेल्स या पानावर जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळी दिसतील. त्यांत 'व्हीईएन' या अक्षरांनंतर येणारी चार चिन्हं पाहा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. त्यापुढे 'डीईव्ही' नंतरचा आकडा चिपचा असतो, तर 'सबसिस' नंतरचा भाग लॅपटॉप कंपनीने ती चिप कशी जोडली आहे ते सांगतो. हा शेवटचा भागच तुमच्या स्पीकरसाठी निर्णायक आहे. दोन लॅपटॉपांत चिप एकच असते, पण एकात स्पीकर या पिनांवर तर दुसऱ्यात भलत्याच पिनांवर जोडलेले असतात.

म्हणून ड्रायव्हर कुठून घ्यायचा याचं माझं उत्तर ठाम आहे. लॅपटॉप असेल तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमका मॉडेल क्रमांक किंवा अनुक्रमांक घालून. जुळवलेला डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून. रिअलटेककडूनही नको. रिअलटेकने स्वतःच आपल्या डाउनलोडच्या पानावर लिहून ठेवलं आहे की तिथले ड्रायव्हर सर्वसाधारण आहेत आणि संगणक बनवणाऱ्या कंपनीने केलेले खास बदल त्यांत नसू शकतात. कंपनीच्या पानावरचा ड्रायव्हर दोन-तीन वर्षांपूर्वीचा दिसला तरी तोच घ्या. आवाजाच्या ड्रायव्हरमध्ये नवेपणाला फारसं महत्त्व नाही, जुळण्याला आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्या खेळांसाठी महिन्या-महिन्याला सुधारतो. आवाजाच्या ड्रायव्हरचं काम एकदा जमलं की वर्षानुवर्षं तेच राहतं. तुमचा आवाज नीट चालू असता आणि 'ड्रायव्हर अपडेट करू का' असं तुम्ही विचारलं असतं, तर मी 'नको' म्हणालो असतो.

डाउनलोड करताना चिपसेट, स्मार्ट साउंड किंवा तत्सम कंट्रोलर, आणि ऑडिओ, असे तिन्ही एकाच पानावरून आधी उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. एक नवा रिस्टोअर पॉइंटही करून घ्या. मगच जुना ड्रायव्हर काढायला घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेकच्या नावावर उजवं क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'. जी छोटी खिडकी येते तिच्यात या डिव्हाइसचा ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट असते. तिच्यावर खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक लोक इथेच चुकतात. खूण केली नाही तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच बिघडलेला ड्रायव्हर उचलतं आणि रिस्टार्टनंतर परत बसवतं. 'चार वेळा अनइन्स्टॉल केला, काही फरक नाही' या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच. साठ्यात एकाच ड्रायव्हरच्या अनेक आवृत्त्या पडून असतात. तेव्हा काढल्यावर 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करून पाहा. पुन्हा रिअलटेकचंच नाव आलं, तर पुन्हा खूण करून काढा. 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' हे नाव आणि ती २००६ ची तारीख दिसली की समजा साठा मोकळा झाला. तुमच्याकडे अपडेटरने 'सिस्टिम डिव्हायसेस' या विभागातला स्मार्ट साउंडचा ड्रायव्हरही बदलला असण्याची शक्यता आहे. तोही याच रीतीने काढा.

मग घालण्याचा क्रम: आधी चिपसेट, रिस्टार्ट, मग कंट्रोलर, रिस्टार्ट, शेवटी ऑडिओ, रिस्टार्ट. रिस्टार्टचा कंटाळा करू नका. या काळात इंटरनेट बंद ठेवलं तर बरं, नाहीतर तुम्ही घालत असतानाच विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवतं. सगळं झाल्यावर इंटरनेट चालू करा आणि स्टोअरमधून कन्सोलचं अॅप येऊ द्या. विंडोज अपडेटच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' असतं. तिथे ड्रायव्हर देऊ केलेले दिसतील. आवाज चालू झाल्यावर तिथला ऑडिओचा ड्रायव्हर मोहापायी घेऊ नका.

हे सगळं न करता एक सोपा मार्ग आधीच होता, तो पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. अपडेटनंतर आवाज गेला की लगेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावाच्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण पाहायचं. मागची आवृत्ती शिल्लक असेल तर एका क्लिकमध्ये ती परत येते. बटण पुसट असेल तर मागचं काही शिल्लक नाही. तुम्ही मध्ये दुसरा ड्रायव्हर घातलात, त्यामुळे आता ते बटण तुम्हाला त्या अपडेटच्या आधीच्या ड्रायव्हरकडे नेणार नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल तर त्याचा कोड वाचा, तो अंदाजापेक्षा खरा असतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते साधन बंद करून ठेवलं आहे, 'एनेबल' करा. कोड ४५ म्हणजे साधन सध्या जोडलेलं नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटत नाही. अशा वेळी सही तपासणंच बंद करा असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, तो ड्रायव्हर टाकून द्या. कोड १० म्हणजे ड्रायव्हर सुरू होऊ शकला नाही, आणि याची कारणं अनेक. जानेवारी २०२५ च्या विंडोज अपडेटनंतर यूएसबी ऑडिओ १.० वर चालणाऱ्या बाहेरच्या डॅकांवर, म्हणजे आकड्यांचं आवाजात रूपांतर करणाऱ्या छोट्या पेट्यांवर, हाच कोड येऊ लागला होता. तिथे दोष मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा होता आणि नंतरच्या अपडेटने तो दूर झाला. अशा वेळी घरी बसून ड्रायव्हर बदलत राहण्याने काहीच साधत नाही. म्हणून अपडेट आणि बिघाड एकाच दिवशी आले असतील, तर त्या अपडेटच्या ज्ञात दोषांची यादी मायक्रोसॉफ्टच्या पानावर आधी पाहा.

मायक्रोफोन परत यादीत आला पण आवाज घेत नसेल, तर तो ड्रायव्हरचा प्रश्न राहिला नाही. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली मायक्रोफोनची परवानगी पाहा. तिथे अॅपसाठी आणि डेस्कटॉप प्रोग्रामसाठी वेगवेगळी बटणं आहेत, आणि दुसरं बटण यादीच्या खाली असल्याने नजरेतून सुटतं. काही लॅपटॉपांत कीबोर्डवर मायक्रोफोन बंद करण्याची कळ असते. तिच्यावरचा बारीक दिवा लागला आहे का तेही पाहून घ्या.

आवाज येतो पण खरखरतो, तुटतो, फटफट करतो, ही वेगळी जात आहे आणि तिच्यात ऑडिओ ड्रायव्हर बऱ्याचदा निर्दोष असतो. आवाजाचे आकडे कोडेकला ठरावीक वेळेत मिळावेच लागतात. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून ठेवला तर तेवढा आवाज तुटतो. एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता, रेकॉर्डिंग दर काही सेकंदांनी चरचरायचं. रिअलटेकचे तीन ड्रायव्हर आधीच बदलून झाले होते. वाय-फाय बंद केलं आणि रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. वाय-फायचा ड्रायव्हर नवा घातल्यावर वाय-फाय चालू ठेवूनही ते स्वच्छ राहिलं. कुठला ड्रायव्हर वेळ खातो ते दाखवणारं लेटन्सीमॉन नावाचं साधन आहे. ते दहा मिनिटं चालू ठेवा, पाहायचं नाव यादीत वर दिसेल. त्याआधी साउंड सेटिंग्जमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करून आणि आवाजाचं स्वरूप २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवून पाहा. एन्हान्समेंट्स हा कंपनीचा इफेक्टचा भाग असतो. ड्रायव्हर आणि इफेक्टची जोडी विस्कटली की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, नाहीतर येतच नाही.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान वाजतात आणि कॉल सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, याबद्दलही पुष्कळजण ड्रायव्हरला दोष देतात. पारंपरिक ब्लूटूथमध्ये चांगला स्टिरिओ आवाज एकाच दिशेने जातो. मायक्रोफोनही हवा असेल तर हेडफोन 'हँड्स-फ्री' या दुसऱ्या पद्धतीत जातो. तिथे आवाज एकाच वाहिनीचा असतो आणि नमुने सेकंदाला सहसा फक्त ८००० किंवा १६००० घेतले जातात. कोणताही ड्रायव्हर घाला, हे तसंच राहणार. कॉलच्या प्रोग्राममध्ये बोलण्यासाठी लॅपटॉपचा मायक्रोफोन निवडा आणि ऐकण्यासाठी ब्लूटूथ ठेवा, आवाज तत्काळ सुधारतो.

तुमच्याकडे विंडोज आहे, पण लिनक्सवाल्यांसाठी दोन वाक्यं. तिथे आवाजाचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतात, म्हणून ड्रायव्हर अपडेट म्हणजे कर्नल अपडेट. नव्या इंटेल लॅपटॉपांना त्यासोबत साउंड ओपन फर्मवेअरचं पॅकेजही लागतं. आणि काहीही करण्याआधी अल्सामिक्सर हा आवाज कमी-जास्त करणारा प्रोग्राम उघडून कुठल्या पट्टीखाली 'एमएम' दिसतं आहे का ते पाहा, म्हणजे ती म्यूट आहे. मॅकवर ड्रायव्हर सिस्टिमसोबतच येतो, वेगळा घालायचा प्रश्न फक्त बाहेरच्या ऑडिओ इंटरफेसपुरता उरतो.

हे सगळं करूनही तुमचा स्पीकर गप्पच राहिला, तर यंत्राचा दोष आहे की विंडोजचा, हे वेगळं काढायचे दोन मार्ग आहेत. यूएसबीवर चालणारं छोटं साउंड कार्ड किंवा यूएसबी हेडसेट कुणाकडून घटकाभर मागून आणा. त्याचा कोडेक स्वतःचा असतो आणि ते विंडोजच्या सोबतच्या ड्रायव्हरवर चालतं. त्यातून आवाज आला तर ऑडिओ इंजिन ठणठणीत आहे. दुसरा मार्ग, लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह करून त्यावरून लॅपटॉप सुरू करा, डिस्कवर काहीही इन्स्टॉल न करता. तिथे स्पीकर वाजला तर यंत्र शाबूत आहे आणि लढाई फक्त विंडोजशी आहे. तिथेही न वाजला तर मात्र निष्कर्षाची घाई नको, कारण काही नव्या स्मार्ट अॅम्प्लिफायरांना लिनक्स अजून ओळखत नाही. तेव्हा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ चालू आहे का पाहा. काही कंपन्यांच्या बायॉसमध्ये स्पीकरची स्वतंत्र चाचणी असते, ती असेल तर तिचं उत्तर सगळ्यांत विश्वासाचं, कारण तिथे कुठलाच ड्रायव्हर मध्ये येत नाही. त्या चाचणीतही शांतता असेल तर लॅपटॉप उघडण्याची वेळ आली आहे, आणि ते काम जाणत्याकडे द्या.

आज रात्री एवढंच करा: अपडेटर काढा, शिफ्ट धरून पूर्ण शट डाउन करा, पुन्हा सुरू करून हिरवी पट्टी पाहा. मग मला चार गोष्टी लिहून कळवा. पट्टी कुणाच्या नावापुढे हलली, हार्डवेअर आयडीची पहिली पूर्ण ओळ, 'ड्रायव्हर' पानावरची तारीख आणि आवृत्ती, आणि लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक. स्मार्ट साउंडचं नाव 'सिस्टिम डिव्हायसेस'मध्ये दिसलं तर त्याचीही आवृत्ती लिहा. त्यावरून कोणते तीन ड्रायव्हर उतरवायचे ते मी नेमकं सांगेन. तोवर दुसरं काही घालू नका.